सोनगीरनें मत कोणास दिलें ? — विधिमंडळाच्या निवडणुकांचे निकाल वाचण्याची रीत

खानदेशांतील जुन्या कागदपत्रांचा शोध करणारे लोक सनदा, महजर, तगाईचे कागद, सावकारी वह्या, फार तर एखाद्या पोथीचीं सुटीं पानें यांचा संग्रह करतात. मतदारांची यादी, उमेदवाराचें हस्तपत्रक, मतदानकेंद्रांची छापील जंत्री किंवा निकालाचा तक्ता हीं इतिहासाचीं साधनें आहेत असें मात्र अद्यापि फारसें कोणास वाटत नाहीं. हे कागद रद्दीवाल्याच्या तराजूंत जातात, आणि ज्या घरांत शंभर वर्षांपूर्वीची खतावणी जपून ठेविलेली असते त्याच घरांतून १९५२ सालची मतदारयादी पुड्या बांधण्यास दिलेली आढळते. हा प्रकार शोचनीय आहे. शिवाय हे कागद जेथें शिल्लक आहेत तेथेंहि ते चुकीच्या रीतीनें वाचले जातात. याकरितां एकच गांव व एकच प्रश्न समोर ठेवून हा विषय मांडण्याचें योजिलें आहे. गांव सोनगीर, आणि प्रश्न असा कीं, विधिमंडळाच्या निवडणुकांत सोनगीरनें आपलें मत कोणास दिलें ?

सोनगीर हें धुळ्याच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेलें जुनें गांव आहे. गांवाजवळील टेकडीवर किल्ला आहे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांकरितां येथील तांबटांची ख्याति सर्व खानदेशांत आहे. किल्ला, हमरस्ता आणि कसबी कारागीर अशीं तिन्हीं जेथें एकत्र आलीं तेथें राजकारण पोंचलें नाहीं असें होणें नाहीं. तरीहि वरील प्रश्नाचें उत्तर प्रत्येक काळीं देतां येतेंच असें नाहीं. कोणत्या काळीं देतां येतें आणि कोणत्या काळीं कां येत नाहीं, हेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. गांवाचें मत कागदावर उतरणें ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. गोतसभेच्या महजरावर पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार यांच्या साक्षी असत. पाटलाचा नांगर आणि कारागिरांच्या हत्यारांच्या निशाण्या आपण नित्य पाहतों. महजरांत कोण काय बोलला तें उघड असतें, पण किती जण काय म्हणाले याची गणती नसते. निवडणुकीच्या कागदांत याच्या उलट स्थिति आहे. तेथें गणती आहे, नांव नाहीं. मतदारयादींत नांवें आहेत, पण मतें नाहींत. निकालांत मतें आहेत, पण माणसें नाहींत. या दोन कागदांमधील अंतर भरून काढणें हें संशोधकाचें काम आहे.

मुंबई इलाख्यांत माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांन्वयें कायदेकौन्सिलाची पहिली निवडणूक १९२० सालीं झाली. काँग्रेसनें तिच्यावर बहिष्कार घातला होता, ही गोष्ट निकाल वाचतांना विसरतां कामा नये. ज्या पटावर एक पक्ष बसलाच नाहीं त्यावरील जय-पराजयावरून लोकमताचें अनुमान काढणें व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट मताधिकाराची. ग्रामीण भागांत मताचा हक्क मुख्यतः साऱ्यावर अवलंबून होता, व आपल्या जिल्ह्यांत बत्तीस रुपये किंवा त्याहून अधिक सारा असलेल्या जमिनीचा धारक हा मतदार ठरत असे. बत्तीस रुपये सारा भरणारे खातेदार गांवांत किती असत हें कोणत्याहि जमाबंदीच्या कागदावरून काढतां येईल. ते थोडकेच असत. ज्या तांबटाच्या हातोड्यानें सोनगीरचें नांव बाजारांत वाजत होतें, त्याच्या नांवावर जमीन नसेल व तो प्राप्तिकर भरीत नसेल, तर सामान्यतः यादींत तो सांपडावयाचा नाहीं. जुन्या महजरावर ज्याच्या हत्याराची निशाणी उमटूं शकत होती तो नव्या प्रातिनिधिक राज्यपद्धतींत कागदावरून नाहींसा झाला, हें चमत्कारिक खरें, पण त्या वेळचा मताधिकारच तसा होता. म्हणून १९२० ते १९३० पर्यंतच्या याद्या मिळाल्या तर त्या गांवाच्या याद्या न समजतां गांवांतील जमीनदार वर्गाच्या याद्या समजाव्या. त्या दृष्टीनें त्यांचें मोल मोठें आहे. वतनदार घराण्यांच्या वंशावळी जुळविणारास त्यांचा फार उपयोग होईल.

१९३५ च्या कायद्यानें मताधिकार पुष्कळ विस्तृत केला, तरी प्रौढ मताधिकार तो नव्हे. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत लोकसंख्येच्या सुमारें सातव्या हिश्श्यासच मत मिळालें. मुंबई प्रांताच्या विधानसभेंत १७५ जागा ठरल्या. त्यांपैकीं सर्वसाधारण ११४, व त्यांतच पुणें कराराप्रमाणें अस्पृश्य वर्गास १५ आणि मराठा व तत्सम वर्गास ७ राखीव. मुसलमानांस स्वतंत्र मतदारसंघाच्या २९. शिवाय स्त्रिया, युरोपियन, ख्रिस्ती, व्यापारी, जमीनदार, मजूर, विद्यापीठ यांच्या निराळ्या, आणि मागासलेल्या जमातींकरितां सबंध प्रांतांत अवघी एक. यावरून एक गोष्ट उघड होते. १९३७ सालीं सोनगीरसारख्या गांवचे शेजारी-शेजारी राहणारे दोन मतदार निरनिराळ्या मतदारसंघांत मत देत असूं शकत. हिंदु मतदाराचें मत एका पेटींत, मुसलमान मतदाराचें दुसऱ्या मतदारसंघाच्या पेटींत, व त्या दोन मतदारसंघांच्या सीमाहि एक नव्हत. तेव्हां त्या सालीं “सोनगीरचें मत” अशी वस्तूच अस्तित्वांत नव्हती.

याच निवडणुकीच्या पूर्वी दोन महिने, २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजीं, पूर्व खानदेशांत यावल तालुक्यांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें पहिलेंच अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. बांबू-तट्ट्यांच्या टिळकनगराची सजावट नंदलाल बोस यांनीं केली होती. फेब्रुवारी १९३७ मध्यें मतदान झालें व काँग्रेसला १७५ पैकीं ८६ जागा मिळाल्या. म्हणजे बहुमतास दोन कमी. एप्रिलांत धनजीशा कूपर यांचें अल्पमतांतील मंत्रिमंडळ आलें आणि जुलईंत बाळासाहेब खेर यांचें. फैजपूरच्या अधिवेशनाचा खानदेशच्या निकालावर परिणाम झाला असला पाहिजे असें सर्वसाधारणपणें मानतात, व तें संभवनीयहि आहे. परंतु ज्यांस मत होतें ते आणि जे बैलगाड्या जोडून फैजपुरास गेले ते, हे दोन समुदाय एकच नव्हते, हें लक्षांत ठेवूनच तें विधान करावें. त्याच निवडणुकींत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पूर्व खानदेशांतून दौलत गुलाजी जाधव हे निवडून आले. काँग्रेसच्या अधिवेशनानें गाजलेल्या जिल्ह्यानें त्याच हंगामांत काँग्रेसेतर पक्षाचा प्रतिनिधीहि मुंबईस पाठविला, ही गोष्ट स्थानिक इतिहास लिहिणारे बहुधा गाळतात. ती गाळण्याचें कांहीं कारण नाहीं.

ती जागा कशी मिळूं शकली हें समजण्यास त्या वेळची मतगणतीची रीत कळली पाहिजे. मुंबई प्रांतांत एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघांत संचयी मतपद्धति होती. मतदारास जितक्या जागा तितकीं मतें. तीं त्यानें वांटून द्यावीं किंवा सर्व एकाच उमेदवाराच्या पदरांत टाकावीं. समजा, दोन जागांच्या मतदारसंघांत ९०० मतदार आले. एकूण मतें झालीं १८००. त्यांपैकीं ३१० मतदारांनीं आपलीं दोन्हीं मतें एकालाच दिलीं तर त्याचीं ६२० मतें होतात. उरलेल्या ५९० जणांनीं आपलीं ११८० मतें दोघांत सारखीं वांटलीं तर प्रत्येकास ५९०. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून किंचित् अधिक असलेला एकजुटीचा गट आपला माणूस पहिल्या क्रमांकानें निवडून आणूं शकतो. १९३७ च्या निकालांत एखाद्याच्या नांवापुढें मोठा आंकडा दिसला म्हणून तितके लोक त्याच्या मागें होते असें समजूं नये. कदाचित् निम्मेच असतील.

पश्चिम खानदेशच्या पश्चिमेकडील नवापूर, तळोदें, अक्राणी आणि मेवासी संस्थानिकांचीं गांवें हीं १९३५ च्या कायद्यान्वयें अंशतः वगळलेल्या प्रदेशांत होतीं. तेथील कारभारावर गव्हर्नराचा विशेष अधिकार राहिला. सोनगीर त्यांत नव्हतें, परंतु त्याच जिल्ह्याच्या निकालाची बेरीज करणारानें हा भेद मनांत ठेवणें अवश्य आहे. १९४६ सालच्या निवडणुकीचें येथें फारसें प्रयोजन नाहीं. मताधिकार व मतदारसंघ जुन्याच धर्तीचे होते, आणि काँग्रेसनें १७५ पैकीं १२५ जागा जिंकल्या एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

खरा पालट १९५१-५२ सालीं झाला. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत मिळालें, स्वतंत्र मतदारसंघ गेले, आणि सोनगीरच्या सर्व प्रौढ माणसांचीं नांवें प्रथमच एका यादींत घरक्रमानें आलीं. तांबट आला, सालदार आला, आणि स्त्रियाहि आल्या. उत्तरेकडील प्रांतांत पुष्कळ बायांनीं स्वतःचें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई असेंच सांगितल्यामुळें देशभर सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं, हें प्रसिद्ध आहे. ज्या स्त्रियांचीं नांवें पूर्वी कोणत्याहि खत-पत्रावर येण्याचा संभव नव्हता त्यांचीं नांवें व वयें या यादींत मिळतात. घराण्याचा इतिहास लिहिणारास दुसरे कोणतेहि कागद एवढी माहिती देत नाहींत. मात्र वयें अंदाजी असतात, आणि अहिराणी बोलणाऱ्या घरांतील नांव लिहिणाऱ्यानें आपल्या कानाप्रमाणें उतरून घेतलेलें असणें शक्य आहे. पाठभेदाचा विचार पोथीप्रमाणेंच येथेंहि करावा.

या वेळची मतदानाची रीत संग्राहकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण कागदाचा खरेखोटेपणा तीवरून ठरतो. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह डकविलेलें असे. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या सरकारी छापखान्यांत छापलेली. तिच्यावर उमेदवाराचें नांव किंवा चिन्ह मुळींच नसे. मतदारानें ती आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची. १९५७ सालींहि हीच पद्धति होती. नांवें व चिन्हें छापलेली आणि शिक्का मारावयाची मतपत्रिका सार्वत्रिक निवडणुकींत १९६२ पासून आली. तेव्हां उमेदवारांचीं नांवें असलेली “१९५२ ची मतपत्रिका” म्हणून कोणी कागद दाखविला तर तो प्रचारपत्रक समजावा, अथवा नंतरचा समजावा. पेटी मात्र अमक्या केंद्राची व अमक्या उमेदवाराची अशी दुहेरी ओळखीची असल्यामुळें, ज्यांनीं मोजणी पाहिली त्या उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या टिपणवह्यांत केंद्रवार आंकडे राहिले असण्याचा संभव आहे. सोनगीरच्या प्रश्नाचें १९५२ सालचें उत्तर मिळालेंच तर अशा एखाद्या वहींतच मिळेल.

त्या निवडणुकींत मुंबई राज्याच्या ३१५ जागांपैकीं काँग्रेसनें २६९ जिंकल्या. शेतकरी कामकरी पक्षास १४ आणि समाजवादी पक्षास ९ मिळाल्या. एवढ्या लाटेंतहि मोरारजी देसाई स्वतः अवघ्या १९ मतांनीं पडले व तरीहि मुख्यमंत्री झाले. द्विसदस्य मतदारसंघ येथेंहि होते, परंतु संचयी पद्धति गेली होती; एका उमेदवारास एकच मत देतां येत असे. राखीव जागा प्रथम त्या वर्गांतील सर्वांत अधिक मतें मिळविणारास देऊन मग उरलेल्यांतील पहिल्यास दुसरी जागा देत. त्यामुळें दोन्हीं जागा राखीव वर्गाच्याच उमेदवारांस मिळणें शक्य होतें, व आंध्रांत पार्वतीपूरच्या लोकसभा मतदारसंघांत १९५७ सालीं तसें घडून व्ही. व्ही. गिरि पडलेहि. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले.

१९५७ सालीं मुंबई राज्य द्वैभाषिक होतें व विधानसभेंत ३९६ जागा होत्या. काँग्रेसला २३४ मिळाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा जोर पश्चिम महाराष्ट्रांत होता असें म्हणून खानदेशाकडे दुर्लक्ष करण्याची वहिवाट पडली आहे. परंतु त्याच वेळीं लोकसभेकरितां धुळ्यांतून जनसंघाचे उत्तमराव पाटील आणि पूर्व खानदेशांतून समितीच्या पाठिंब्यानें नौशीर भरूचा हे निवडून गेले, हें पाहतां ती वहिवाट सोडली पाहिजे असें आमचें मत आहे. जातां जातां एक सूचना. हे उत्तमराव पाटील आणि १४ एप्रिल १९४४ च्या चिमठाणें खजिन्याच्या प्रकरणांतील डॉ. उत्तमराव पाटील हे भिन्न पुरुष होत. खानदेशांत एकाच नांवाआडनांवाचीं माणसें इतकीं आहेत कीं, पित्याचें नांव पाहिल्यावांचून निकालांतील नांवावरून चरित्र लिहूं नये.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६२ सालीं २६४ जागांची पहिली निवडणूक झाली व काँग्रेसला २१५ मिळाल्या. पश्चिम व पूर्व खानदेश हीं जिल्ह्यांचीं नांवें जाऊन धुळें व जळगांव हीं आलीं, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा झाला. विधानसभेच्या जागा १९६७ सालीं २७० व १९७८ सालीं २८८ झाल्या. पुढें ती संख्या कायम राहिली, सीमा मात्र राहिल्या नाहींत. १९७८ ते २००४ पर्यंतच्या निकालांत “कुसुंबें” हा मतदारसंघ सांपडतो. रोहिदास पाटील यांचें नांव त्याच्याशीं दीर्घकाळ निगडित होतें. २००८ च्या फेररचनेनंतर तो नाहींसा होऊन २००९ पासून “धुळे ग्रामीण” आला. या फेररचनेंत गांवें तालुक्यानें न घेतां महसूल मंडळानें घेतलीं आहेत. सोनगीर हें धुळें तालुक्याचें, म्हणून त्याचा निकाल धुळ्याच्या नांवाखालीं शोधावा, हा तर्क येथें लंगडा पडतो. प्रत्येक निवडणुकीपुरतें गांवाचें मंडळ कोणतें, मंडळ कोणत्या मतदारसंघांत, आणि मतदारसंघाचें त्या वेळचें नांव काय, हें मूळ फेररचनेच्या आदेशावरून ठरवावें. एकच नांव चालू राहिलें म्हणून प्रदेशहि तोच राहिला असें नव्हे.

मतपत्रिकांच्या काळांतील दुसरी अडचण याहून मोठी आहे. कोणत्या गांवानें कोणास मत दिलें हें कळल्यास त्या गांवास त्रास होईल, या भीतीनें अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची तरतूद नियमांत करण्यांत आली. जेथें ती वापरली तेथें गांवाचें मत सर्व मतदारसंघाच्या मतांत मीठ पाण्यांत विरघळावें तसें विरघळलें. संशोधकाची यांत हानि आहे, परंतु ज्यांच्या रक्षणाकरितां ही तजवीज झाली त्यांच्या बाजूनें पाहतां ती योग्यच होती. मतदानयंत्रें आल्यावर स्थिति पुन्हां फिरली. २००४ पासून राज्यांत सर्वत्र यंत्रानें मतदान होऊं लागलें, व प्रत्येक केंद्राचे आंकडे प्रपत्र २० या नांवाच्या अंतिम तक्त्यांत स्वतंत्र येऊं लागले. म्हणजे ज्या प्रश्नापासून आपण निघालों त्याचें उत्तर या शतकांतील निवडणुकांपुरतें निश्चित देतां येतें. मात्र मोठ्या गांवास अनेक केंद्रें असतात व एखाद्या केंद्रास शेजारच्या वस्त्याहि जोडलेल्या असतात, म्हणून केंद्रांची जंत्री शेजारीं घेऊनच बेरीज करावी.

२० नोव्हेंबर २०२४ रोजीं मतदान होऊन २३ तारखेस निकाल लागला. राज्यांत भारतीय जनता पक्षास १३२, शिवसेनेस ५७, राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या. विरोधी आघाडींत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) २०, काँग्रेस १६ व राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) १०. धुळें जिल्ह्याच्या पांच जागांपैकीं धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडें व शिरपूर भारतीय जनता पक्षाकडे आणि साक्री शिवसेनेकडे गेली. याच धुळे शहरानें २०१९ सालीं मजलिसच्या फारुख शाह यांस निवडलें होतें, व धुळे ग्रामीणनें २०१४ आणि २०१९ अशा दोन्हीं वेळीं काँग्रेसचे कुणाल पाटील यांस. हे अगदीं अलीकडचे कागद आहेत म्हणून त्यांस कोणी हात लावीत नाहीं. १९५२ चे कागदहि एके काळीं अलीकडचेच होते.

तारीख नसलेलीं पत्रकें व भिंतीपत्रकें पुष्कळ मिळतात. त्यांचा काळ चिन्हावरून ठरवितां येतो. बैलजोडी असल्यास तें काँग्रेसचें व १९५२ पासून १९६९ च्या फुटीपर्यंतचें. गाय-वासरूं असल्यास त्यापुढचें. हात असल्यास १९७८ किंवा नंतरचें. दिवा म्हणजे जनसंघ, आणि १९७७ च्या पूर्वीचा. कमळ १९८० पासूनचें. घड्याळ १९९९ पासून मिळतें, पण फेब्रुवारी २०२४ नंतरचें असल्यास तें अजित पवार यांच्या पक्षाचें, आणि तुतारी वाजविणारा माणूस असल्यास शरद पवार यांच्या पक्षाचें. मशाल शिवसेनेच्या ठाकरे गटास ऑक्टोबर २०२२ मध्यें मिळाली. वयाची अटहि उपयोगी पडते: यादींत अठरा ते वीस वर्षांचे मतदार असतील तर ती यादी १९८९ च्या पूर्वीची असूं शकत नाहीं.

वापरलेल्या मतपत्रिका सरकार ठरावीक मुदतीनंतर, न्यायालयांत वाद नसल्यास, नष्ट करतें. त्या मिळण्याची आशा धरूं नये व कोणी विकावयास आणल्यास घेऊं नये. शोधावयाचे ते गांवांतील कागद: मतदानप्रतिनिधीला दिलेल्या यादीच्या प्रती (ज्यांवर मतदान केलेल्यांच्या नांवांपुढें खुणा असतात), उमेदवारांचीं पत्रें, छापखान्यांच्या पावत्या, सभांचीं हस्तपत्रकें आणि मोजणीच्या दिवशींचीं टिपणें. खुणा केलेली यादी ही सर्वांत दुर्मिळ. तींत मत कोणास दिलें तें कळत नाहीं, पण कोण मतास गेला व कोण घरीं राहिला तें कळतें. कागद मिळाल्यावर त्यावर शाईनें कांहीं लिहूं नये. निराळ्या चिठ्ठीवर तो कोणत्या गांवीं, कोणत्या वर्षीं व कोणत्या प्रकारच्या ठिकाणीं मिळाला हें नोंदवावें. अलीकडच्या याद्यांत जिवंत माणसांचीं वयें व घरक्रमांक असतात, म्हणून त्या संग्रहांत ठेवाव्या, छापूं नयेत. सोनगीरपुरतें म्हणावयाचें तर १९५२, १९५७ व १९६२ या तीन सालांच्या याद्या आणि त्या वेळच्या एखाद्या मतदानप्रतिनिधीची वही, एवढें साहित्य गांवांतील जुन्या पेट्यांतून अगोदर शोधावें.